चार्ल्सचा नियम

चार्ल्सचा नियम हा वायूचे तापमान आणि आकारमान (घनफळ) यांच्यातील संबंध सांगणारा भौतिकशास्त्र व रसायनशास्त्रातील एक मूलभूत नियम आहे. दाब स्थिर असताना ठरावीक वस्तुमानाच्या वायूचे आकारमान त्याच्या निरपेक्ष तापमानाशी समप्रमाणात असते, असे या नियमाचे सार आहे. निरपेक्ष तापमान दुप्पट झाले तर आकारमान दुप्पट होते. ते निम्मे झाले तर आकारमानही निम्मे होते. फ्रेंच शास्त्रज्ञ झाक अलेक्झांद्र सेझार चार्ल्स (१७४६–१८२३, फ्रेंच उच्चार ‘शार्ल’) यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. मात्र चार्ल्स यांनी आपले निष्कर्ष कधीच प्रसिद्ध केले नाहीत. ते अभ्यासकांसमोर आले जोसेफ लुई गे-ल्युसॅक (१७७८–१८५०) यांच्या १८०२ मधील निबंधातून.

उष्णतेने घन आणि द्रव पदार्थही प्रसरण पावतात, परंतु प्रत्येकाचे प्रसरण वेगळे असते. पितळ लोखंडापेक्षा अधिक वाढते आणि पारा काचेपेक्षा अधिक वाढतो. वायूंच्या बाबतीत हा भेद जवळजवळ नाहीसा होतो. हायड्रोजन असो, ऑक्सिजन असो वा साधी हवा असो, तापमान १° सेल्सिअसने वाढले की कोणत्याही वायूचे आकारमान त्याच्या ०° सेल्सिअसला असलेल्या आकारमानाच्या सुमारे १/२७३ पटीने वाढते. सर्व वायूंना समान असलेला हाच अंक पुढे निरपेक्ष शून्याच्या कल्पनेचा आणि केल्व्हिन तापमानश्रेणीचा आधार ठरला.

नियमाचे विधान

आधुनिक पाठ्यपुस्तकांत हा नियम पुढीलप्रमाणे मांडला जातो : दाब स्थिर असताना ठरावीक वस्तुमानाच्या वायूचे आकारमान त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या समप्रमाणात बदलते.

या विधानातील प्रत्येक अट महत्त्वाची आहे. ‘दाब स्थिर’ याचा अर्थ असा की वायूला पसरण्यास वाव हवा. सरकणारा दट्ट्या असलेले नळकांडे किंवा तळाशी उघडी असलेली कापडी पिशवी ही अट पूर्ण करते, टणक बंद डबा करीत नाही. ‘ठरावीक वस्तुमान’ म्हणजे तापवताना वायू बाहेर निसटता कामा नये किंवा त्यात नवा वायू मिसळता कामा नये. ‘निरपेक्ष तापमान’ म्हणजे केल्व्हिनमध्ये मोजलेले तापमान. सेल्सिअस किंवा फॅरनहाइट अंशांत मोजलेल्या तापमानाशी आकारमान समप्रमाणात नसते.

गणिती मांडणी

आकारमानासाठी आ आणि निरपेक्ष तापमानासाठी त ही अक्षरे घेतल्यास नियमाचे गणिती रूप असे होते :

आ ÷ त = स्थिरांक

एकाच वायूच्या दोन अवस्थांची तुलना करताना पुढील सूत्र वापरतात :

आ१ ÷ त१ = आ२ ÷ त२

सेल्सिअस तापमान स आणि ०° सेल्सिअसचे आकारमान आ० मानल्यास हाच नियम पुढीलप्रमाणे लिहिता येतो :

आ = आ० × (१ + स ÷ २७३.१५)

पहिल्या दोन सूत्रांत सेल्सिअस अंश घालता येत नाहीत, त्यात २७३.१५ मिळवून आधी केल्व्हिन करावे लागतात. पुढील उदाहरणांत सोयीसाठी २७३ हा पूर्णांक घेतला आहे.

समजा, २७° सेल्सिअसला एका वायूचे आकारमान २ लिटर आहे. दाब न बदलता तो १२७° सेल्सिअसपर्यंत तापवला. येथे त१ = ३०० केल्व्हिन आणि त२ = ४०० केल्व्हिन. म्हणून नवे आकारमान २ × ४०० ÷ ३०० = २.६७ लिटर होईल. हेच आकारमान दुप्पट, म्हणजे ४ लिटर, करायचे असेल तर तापमान ६०० केल्व्हिन, अर्थात ३२७° सेल्सिअस, करावे लागेल. २७ चे दुप्पट ५४ म्हणून वायू ५४° सेल्सिअसपर्यंत तापवल्यास आकारमान अवघे ९ टक्के वाढते. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत सर्वाधिक आढळणारी चूक हीच आहे.

निरपेक्ष शून्य आणि केल्व्हिन श्रेणी

स्थिर दाबाच्या वायूचे सेल्सिअस तापमान आडव्या अक्षावर आणि आकारमान उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढल्यास सरळ रेषा मिळते. वायूचे प्रमाण किंवा दाब बदलला की रेषेचा चढ बदलतो. परंतु या सर्व रेषा थंडीच्या बाजूला तशाच सरळ वाढवल्या, तर त्या आडव्या अक्षाला एकाच बिंदूत मिळतात. तो बिंदू −२७३.१५° सेल्सिअस होय. या तापमानाला वायूचे आकारमान शून्य व्हावे, असे रेषा सुचवते; त्याखाली ते ऋण व्हावे लागेल, आणि ऋण आकारमानाला अर्थ नाही. म्हणून तापमान मोजण्याचा खरा आरंभबिंदू हाच असला पाहिजे, असा विचार पुढे आला.

सेल्सिअस श्रेणीतील शून्य हे पाण्याच्या गोठण्याशी जोडलेले आहे. वायूच्या दृष्टीने त्याला विशेष महत्त्व नाही. शून्याची जागा २७३.१५ अंशांनी खाली नेली की ‘इतक्या अंशांना इतकी वाढ’ असा लांबलचक नियम ‘आकारमान तापमानाच्या समप्रमाणात’ एवढ्या साध्या विधानात मावतो. विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८४८ मध्ये निरपेक्ष तापमानश्रेणीची कल्पना मांडली. त्यांची मांडणी कोणत्याही एका पदार्थाच्या प्रसरणावर नव्हे, तर उष्णतेपासून मिळणाऱ्या कार्याच्या सिद्धांतावर आधारलेली होती. परंतु हवेच्या तापमापकावर शून्याची जागा सुमारे −२७३° येते, हे त्यांनी त्याच निबंधात दाखवले होते. २०१९ पासून केल्व्हिन या एककाची व्याख्या बोल्ट्झमन स्थिरांकाच्या निश्चित केलेल्या मूल्यावरून केली जाते.

इतिहास

पूर्वपीठिका

वायूचा दाब आणि आकारमान यांचा संबंध रॉबर्ट बॉईल यांनी १६६२ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यात तापमान स्थिर मानलेले होते. तापमानाचा परिणाम मोजण्याचे महत्त्वाचे काम फ्रान्समध्ये गियोम आमाँताँ (१६६३–१७०५) यांनी केले. बंदिस्त हवा तापवली असता, तिचे प्रमाण कमी असो वा अधिक, दाबातील वाढ सारख्याच प्रमाणात होते, असे त्यांना आढळले. हवा थंड करीत गेल्यास तिचा दाब शेवटी शून्यावर येईल, म्हणजेच थंडीला काही सीमा असावी, हा विचारही त्यांच्या मांडणीतून निघतो. त्यांच्या आकड्यांवरून ही सीमा आजच्या श्रेणीत सुमारे −२४०° सेल्सिअस येते. पुढे योहान हाइन्रिख लाम्बेर्ट यांच्या १७७९ मधील ग्रंथात ती सुमारे −२७०° पर्यंत आली.

मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वायूंच्या प्रसरणाविषयी एकवाक्यता नव्हती. निरनिराळ्या प्रयोगकर्त्यांना एकाच वायूसाठी निरनिराळे आकडे मिळत असत आणि त्यामुळे प्रत्येक वायूचे प्रसरण वेगळे असावे, असा समज होता.

बलूनचे वर्ष

१७८३ हे वर्ष फ्रान्समध्ये बलूनचे वर्ष ठरले. ४ जून रोजी माँगोल्फिए बंधूंनी आनोने येथे तापलेल्या हवेचा बलून लोकांसमोर उडवून दाखवला. २१ नोव्हेंबर रोजी पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद हे दोघे अशाच बलूनमधून पॅरिसवरून उडाले. बलून वर का जातो, याची बरोबर कल्पना खुद्द माँगोल्फिए बंधूंना नव्हती. जाळापासून एखादा विशेष हलका वायू निघत असावा, असे त्यांना वाटे. प्रत्यक्षात तापल्याने पसरलेली आणि म्हणून विरळ झालेली हवाच बलून उचलत होती.

आनोनेच्या प्रयोगाची वार्ता ऐकून पॅरिसमध्ये चार्ल्स यांनी निराळा मार्ग धरला. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७६६ मध्ये वर्णन केलेला हायड्रोजन हवेपेक्षा कितीतरी हलका असल्याने त्यांनी त्याची निवड केली. लोखंड आणि सल्फ्युरिक आम्ल यांपासून त्यांनी तो तयार केला आणि रॉबेर बंधूंच्या साहाय्याने रबराचा लेप दिलेल्या रेशमी पिशवीत भरला. २७ ऑगस्ट १७८३ रोजी हा मानवरहित बलून पॅरिसमधील शाँ द मार्स येथून सुटला आणि गोनेस या गावी उतरला. आकाशातून पडलेल्या त्या अनोळखी वस्तूवर घाबरलेल्या गावकऱ्यांनी हल्ला करून ती फाडून टाकली. १ डिसेंबर रोजी चार्ल्स आणि निकोला-लुई रॉबेर हे दोघे त्वीलरी उद्यानातून हायड्रोजनच्या बलूनने उडाले. हायड्रोजन बलूनमधील हे पहिले मानवी उड्डाण होय. सोबत त्यांनी वायुभारमापक आणि तापमापक नेला होता. सुमारे दोन तासांनी खाली उतरल्यावर चार्ल्स पुन्हा एकटेच सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंत गेले आणि मावळलेला सूर्य त्यांना तेथून पुन्हा दिसला. कानात असह्य वेदना झाल्याने ते खाली आले. त्यानंतर त्यांनी कधीही उड्डाण केले नाही.

चार्ल्स यांचे प्रयोग

वायूंच्या प्रसरणावरील चार्ल्स यांचे प्रयोग साधारणपणे १७८७ मधील मानले जातात. ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि हवा हे सर्व बर्फाच्या तापमानापासून उकळत्या पाण्याच्या तापमानापर्यंत सारखेच प्रसरण पावतात, असे त्यांना दिसले होते. मात्र पाण्यात सहज विरघळणाऱ्या वायूंचे प्रसरण त्यांना निराळे आढळले. हा तपशील त्यांनी स्वतः लिहून ठेवला म्हणून नव्हे, तर गे-ल्युसॅक यांनी नोंदवला म्हणून ज्ञात आहे.

गे-ल्युसॅक यांचा निबंध

क्लोद लुई बर्तोले यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून काम करणाऱ्या तरुण गे-ल्युसॅक यांनी १८०२ मध्ये वायू व बाष्प यांच्या प्रसरणावरील निबंध प्रसिद्ध केला. आधीच्या प्रयोगकर्त्यांचे आकडे जुळत नाहीत, याचे मुख्य कारण उपकरणात राहिलेले पाणी आहे, हे त्यांनी ओळखले. भांड्यात पाण्याचा थेंब राहिला तर तापवताना त्याची वाफ होते आणि ती वायूच्या आकारमानात मिसळते. मोजणाऱ्याला वाटते की वायूच इतका वाढला. गे-ल्युसॅक यांनी वायू आणि भांडी काटेकोरपणे कोरडी करून मापन केले. तेव्हा अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड यांसारखे पाण्यात अतिशय विरघळणारे वायूही इतरांइतकेच वाढतात, असे सिद्ध झाले. ०° पासून १००° पर्यंत १०० भाग वायूचे सुमारे १३७.५ भाग होतात, असा त्यांचा आकडा होता.

याच निबंधात त्यांनी नमूद केले की, काही वायूंचा हा गुणधर्म चार्ल्स यांच्या लक्षात सुमारे पंधरा वर्षांपूर्वीच आला होता. परंतु त्यांनी तो प्रसिद्ध न केल्यामुळे आपल्याला त्याची माहिती केवळ योगायोगाने झाली. चार्ल्स यांच्या कामाची ओळख जगाला झाली ती या नोंदीमुळे. गे-ल्युसॅक यांनी ती केली नसती, तर या नियमाशी चार्ल्स यांचे नाव जोडले जाण्याचे काही कारण उरले नसते. याच सुमारास इंग्लंडमध्ये जॉन डाल्टन यांनीही स्वतंत्रपणे प्रयोग करून सर्व वायू उष्णतेने सारखेच प्रसरण पावतात, असा निष्कर्ष काढला होता.

प्रसरणांकातील सुधारणा

गे-ल्युसॅक यांच्या आकड्यावरून एका अंशामागील वाढ सुमारे १/२६७ येते. एमिल क्लापेरों यांनी १८३४ मध्ये बॉईल आणि गे-ल्युसॅक यांचे नियम एकत्र करून जे समीकरण मांडले, त्यातही २६७ हाच अंक होता. अधिक अचूक मापने पुढे झाली. १८४० च्या दशकात आंरी व्हिक्तोर रेन्यो यांनी स्थिर दाबाखाली दर अंशामागील वाढ हायड्रोजनसाठी ०.००३६६१, हवेसाठी ०.००३६७० आणि कार्बन डायऑक्साइडसाठी ०.००३७१० अशी काढली. या मापनांनी दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक, २६७ ऐवजी २७३ हा अंक सत्याच्या जवळ आहे. दोन, सर्व वायू अगदी तंतोतंत सारखे प्रसरण पावत नाहीत. दाब जितका कमी करावा तितका त्यांच्यातील फरक घटत जातो.

नावाविषयी मतभिन्नता

इंग्रजी आणि त्यावर आधारित भारतीय पाठ्यपुस्तकांत स्थिर दाबाच्या नियमाला ‘चार्ल्सचा नियम’ आणि स्थिर आकारमान असताना दाब व तापमान यांच्यातील संबंधाला ‘गे-ल्युसॅकचा नियम’ म्हणण्याची पद्धत आहे. फ्रेंच पाठ्यपुस्तकांत नेमके उलट आढळते. दुसरा नियम मुळात आमाँताँ यांच्या प्रयोगांशी निगडित असल्याने काही लेखक त्याला ‘आमाँताँचा नियम’ म्हणतात. जुने ग्रंथ वाचताना नावापेक्षा कोणती राशी स्थिर ठेवली आहे, हे पाहणे अधिक विश्वसनीय ठरते.

गत्यात्मक सिद्धांतानुसार स्पष्टीकरण

वायू असंख्य रेणूंचा बनलेला असतो. हे रेणू सतत सर्व दिशांना धावत असतात आणि भांड्याच्या भिंतींवर आदळत असतात. या आदळण्यातूनच दाब निर्माण होतो. निरपेक्ष तापमान हे रेणूंच्या सरासरी गतिज ऊर्जेचे माप आहे. म्हणून रेणूंचा वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो.

समजा, वायूचे तापमान ३०० केल्व्हिनवरून १,२०० केल्व्हिन, म्हणजे चौपट केले. तेव्हा रेणूंचा वेग दुप्पट होतो. आकारमान तेच राहिले, तर प्रत्येक रेणू भिंतीवर पूर्वीच्या दुप्पट वेळा आदळेल आणि प्रत्येक आघातही दुप्पट जोराचा असेल. दोहोंचा परिणाम म्हणून दाब चौपट होईल. दाब पूर्वीइतकाच राखायचा असेल, तर रेणूंना चौपट जागा द्यावी लागेल, म्हणजे आकारमान चौपट व्हावे लागेल. चार्ल्सचा नियम हेच सांगतो. या युक्तिवादात रेणू कोणत्या पदार्थाचा आहे याचा उल्लेख कोठेही येत नाही. सर्व वायूंचे प्रसरण सारखे असण्याचे कारण यातच आहे. रेणू एकमेकांपासून इतके दूर असतात की त्यांचे स्वतःचे आकारमान आणि परस्परांतील आकर्षण नगण्य ठरते. घन व द्रव पदार्थांत रेणू एकमेकांना धरून असतात आणि ही पकड पदार्थागणिक वेगळी असते. म्हणून त्यांचे प्रसरणही वेगवेगळे असते.

प्रयोगशाळेतील पडताळा

शाळा-महाविद्यालयांत या नियमाचा पडताळा एका टोकाला बंद असलेल्या बारीक काचनळीच्या साहाय्याने घेता येतो. नळीत संहत सल्फ्युरिक आम्लाचा किंवा पाऱ्याचा छोटा स्तंभ घालून त्याच्या खाली हवा कोंडली जाते. नळीचे वरचे टोक उघडे असल्याने कोंडलेल्या हवेवरील दाब स्थिर राहतो. नळीची जाडी सर्वत्र सारखी असल्यास हवेच्या स्तंभाची लांबी हेच तिच्या आकारमानाचे माप होते. नळी पट्टीसह पाण्याच्या उंच चंचुपात्रात उभी धरून पाणी सावकाश तापवतात आणि ढवळत राहून निरनिराळ्या तापमानांना लांबी नोंदवतात.

आदर्श स्थितीत २७° सेल्सिअसला (३०० केल्व्हिन) स्तंभ ६० मिलिमीटर लांब असेल, तर ५७° ला (३३० केल्व्हिन) तो ६६ मिलिमीटर आणि ८७° ला (३६० केल्व्हिन) ७२ मिलिमीटर होईल. प्रत्येक वेळी लांबी भागिले निरपेक्ष तापमान हे ०.२ येते. दर अंशाला ०.२ मिलिमीटर या हिशेबाने मागे गेल्यास लांबी सुमारे −२७३° सेल्सिअसला शून्य होते.

या प्रयोगात नळी पूर्ण कोरडी असणे अत्यावश्यक आहे. ८७° सेल्सिअसला पाण्याच्या संपृक्त बाष्पाचा दाब वातावरणीय दाबाच्या निम्म्याहून अधिक असतो. त्यामुळे नळीत ओलावा राहिल्यास स्तंभाची लांबी अपेक्षेपेक्षा कितीतरी वाढते. गे-ल्युसॅक यांच्यापूर्वीच्या प्रयोगकर्त्यांची जी अडचण झाली, तीच आजही शालेय प्रयोगात होऊ शकते. सल्फ्युरिक आम्ल ओलावा शोषून घेते, हा ते वापरण्याचा एक फायदा आहे. परंतु आम्ल आणि पारा दोन्ही घातक असल्याने हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा लागतो.

व्यवहारातील उदाहरणे

तापलेल्या हवेचा बलून : अशा बलूनची पिशवी खालून उघडी असल्याने आतील हवेचा दाब बाहेरच्याइतकाच राहतो. बाहेर १५° सेल्सिअस (२८८ केल्व्हिन) आणि आत १००° सेल्सिअस (३७३ केल्व्हिन) तापमान असल्यास आतील हवेची घनता बाहेरच्या घनतेच्या २८८ ÷ ३७३, म्हणजे सुमारे ७७ टक्के होते. समुद्रसपाटीजवळ १५° ला एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२२५ किलोग्रॅम असते. आतील हवेचे ०.९४६ किलोग्रॅम होते. म्हणजे दर घनमीटरमागे सुमारे २८० ग्रॅम भार उचलला जातो. २,८०० घनमीटरचा बलून या हिशेबाने पिशवी, पाळणा, इंधन आणि माणसे मिळून सुमारे ७८० किलोग्रॅम उचलतो. बाहेरचे तापमान ३५° असेल, तर आत १००° कायम ठेवूनही ही क्षमता सुमारे ५६० किलोग्रॅमपर्यंत घटते. बलूनची उड्डाणे पहाटे करण्यामागे वारा शांत असणे हे एक कारण आहे आणि गार हवेत उचल अधिक मिळणे हे दुसरे.

खोलीतील हवा : ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीत २०° सेल्सिअसला सुमारे ७२ किलोग्रॅम हवा असते. दारे-खिडक्यांच्या फटींमुळे दाब बाहेरच्याइतकाच राहतो. तापमान ३५° झाल्यावर हवा पसरते आणि सुमारे साडेतीन किलोग्रॅम हवा खोलीबाहेर निघून जाते.

खारे आणि मतलई वारे : दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. तिच्यावरील हवा तापून प्रसरण पावते व हलकी होऊन वर जाते. तिच्या जागी समुद्रावरची गार हवा येते. कोकण किनाऱ्यावर यांना खारे वारे म्हणतात. रात्री जमीन लवकर निवते आणि वारे उलट दिशेने, जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. ते मतलई वारे होत.

वायूंचे मोजमाप : वायूचे आकारमान तापमानाने बदलत असल्याने ‘इतके लिटर वायू’ एवढेच सांगणे अपुरे असते. एक मोल आदर्श वायू १ वातावरण दाबाला व ०° सेल्सिअसला सुमारे २२.४ लिटर जागा व्यापतो. २५° सेल्सिअसला तोच सुमारे २४.५ लिटर होतो. म्हणून रसायनशास्त्रात आकारमानासोबत तापमान व दाब नमूद करण्याची प्रथा आहे.

नेहमी होणारी गल्लत

वाहनाचा टायर : प्रवासात टायर तापून त्यातील हवेचा दाब वाढतो, हे उदाहरण अनेकदा चार्ल्सच्या नियमाखाली दिले जाते. टायरचे आकारमान जवळजवळ बदलत नाही. बदलतो तो दाब. म्हणून हे उदाहरण स्थिर आकारमानाच्या नियमाचे आहे. येथे आणखी एक सावधगिरी हवी. हवा भरण्याच्या यंत्रावरील आकडा वातावरणीय दाबापेक्षा अधिक असलेला दाब दाखवतो. २७° ला यंत्रावर ३२ पीएसआय असेल, तर निरपेक्ष दाब सुमारे ४६.७ पीएसआय असतो. ५७° ला तो १० टक्क्यांनी वाढून ५१.४ होतो आणि यंत्रावर ३६.७ दिसतात. टायरमधील हवा वाहन थंड असताना तपासावी, असे सांगतात ते यामुळेच.

फुलका : तव्यावरून निखाऱ्यावर किंवा आचेवर टाकलेला फुलका टम्म फुगतो, त्याचे श्रेयही कधीकधी तापून प्रसरण पावणाऱ्या हवेला दिले जाते. केवळ हवा ३०° पासून १००° पर्यंत तापली, तर तिचे आकारमान ३७३ ÷ ३०३, म्हणजे सव्वापटीपेक्षाही कमी होईल. तेवढ्याने फुलका फुगणार नाही. त्याला फुगवते ती कणकेतील पाण्याची वाफ. १०० अंशांना द्रव पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १,६०० पटींहून अधिक वाढते. हे अवस्थांतर आहे आणि अवस्थांतराला चार्ल्सचा नियम लागू होत नाही.

वर जाणारी हवा : डोंगर चढून वर जाणारी हवा प्रसरण पावते, पण तापत नाही, उलट थंड होते. कोरडी हवा दर किलोमीटर उंचीमागे सुमारे १०° सेल्सिअसने निवते. यात नियमाचा भंग नाही, कारण उंचीबरोबर दाब कमी होत जातो आणि ‘दाब स्थिर’ ही अटच पाळली जात नाही. अरबी समुद्रावरून येणारी दमट हवा सह्याद्रीवर चढताना अशीच निवते आणि त्यातील बाष्पाचा पाऊस होतो.

मर्यादा

चार्ल्सचा नियम आदर्श वायूला तंतोतंत लागू पडतो. प्रत्यक्ष वायू कमी दाब आणि पुरेसे उच्च तापमान असताना त्याच्या अगदी जवळ असतात. दाब वाढला किंवा तापमान द्रवीकरणाच्या बिंदूजवळ आले की रेणूंमधील आकर्षण आणि रेणूंचे स्वतःचे आकारमान दुर्लक्षिता येत नाही.

निरपेक्ष शून्याला वायूचे आकारमान शून्य होते, हे विधान शब्दशः खरे नाही. ती केवळ आलेखरेषेने दाखवलेली दिशा आहे. तेथे पोहोचण्यापूर्वीच वायू वायू राहत नाही. वातावरणीय दाबाला ऑक्सिजन सुमारे −१८३°, नायट्रोजन −१९६°, हायड्रोजन −२५३° आणि हेलियम −२६९° सेल्सिअसला द्रवरूप होतो. हेलियमचे द्रवीकरण हाइके कामरलिंग ओनेस यांनी लायडन येथे १९०८ मध्ये प्रथम साधले. द्रव नायट्रोजनमध्ये (सुमारे ७७ केल्व्हिन) बुडवलेला हेलियमचा फुगा नियमाप्रमाणे मूळच्या साधारण एकचतुर्थांश होतो. हवेचा फुगा मात्र त्याहून कितीतरी अधिक आक्रसतो, कारण त्यातील ऑक्सिजन आणि काही नायट्रोजन द्रवरूप होतो.

तापवताना रेणूंची संख्या बदलली, तरीही नियम लागू पडत नाही. डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड तापवल्यास त्याच्या एका रेणूचे विघटन होऊन नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन रेणू होतात. वस्तुमान तेवढेच राहूनही आकारमान नियमाने सांगितलेल्यापेक्षा अधिक वाढते.

इतर वायू नियमांशी संबंध

बॉईलच्या नियमात तापमान स्थिर असते आणि दाब व आकारमान व्यस्त प्रमाणात बदलतात. चार्ल्सच्या नियमात दाब स्थिर असतो. समान तापमान व दाब असताना सर्व वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते, हे अमेदेओ आव्होगाद्रो यांनी १८११ मध्ये मांडलेले तत्त्व या दोहोंना जोडल्यावर आदर्श वायूचे समीकरण मिळते :

दाब × आकारमान = मोलसंख्या × वायू स्थिरांक × निरपेक्ष तापमान

या समीकरणात दाब आणि मोलसंख्या स्थिर धरली की चार्ल्सचा नियम पुन्हा हाती येतो. कोणत्याही उदाहरणात आधी कोणती राशी स्थिर आहे हे ठरवले आणि तापमान केल्व्हिनमध्ये घेतले, तर कोणता नियम लावायचा हा प्रश्न आपोआप सुटतो.

हे सुद्धा पाहा

बॉईलचा नियम
आव्होगाद्रोचा नियम
आदर्श वायू
निरपेक्ष शून्य
केल्व्हिन
जोसेफ लुई गे-ल्युसॅक